संशोधनाचा लेख विद्यापीठाच्या आवारात उघडतो, घरी आलं की कुलूप. काही उतारा?

खडीफोड्या | मंगळवार, रात्री ११:५२

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज अडलंय म्हणून लिहायलो.

मी केज तालुक्यातला. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो आणि जोडीला पीएचडी. विषय १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमीची सुरुवात, बीड जिल्ह्यापुरता. आयडीला हसू नका. आमची आजी तेव्हा दुष्काळी कामावर खरंच खडी फोडायला होती. सुकडीच्या आणि लाल मिलोच्या भाकरीच्या गोष्टी ऐकतच वाढलो.

आता अडचण. मागच्या महिन्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलतो. तिथल्या संगणकावर सगळं मोकळं! नाव टाकलं की लेख समोर. तीन उतरवून घेतले, अकरांची नावं वहीत लिहिली आणि एसटी चुकायला नको म्हणून निघालो. म्हणलं बाकीचे घरी निवांत वाचू. घरी येऊन तीच लिंक दाबली तर दहा ओळींचा सारांश आणि त्याखाली किंमत, ३९ डॉलर. एका लेखाचे! म्हणजे आमच्या पावणेचार तासिका झाल्या. त्या तासिकांचं मानधन कधी पडतं ते इथल्या सीएचबीवाल्यांना, म्हणजे आम्हा तासिकावाल्यांना, सांगायला नको.

फोनवर फुकटातलं व्हीपीएन टाकून बघितलं. काही उपयोग नाही. एक मित्र म्हणाला, आवारातच बसावं लागतं. परवा परत गेलो, साडेचार तास एसटीत. आत जागा नव्हती म्हणून बाहेर लिंबाखाली बसलो, लॅपटॉपला फोनचं नेट जोडलं. तरी कुलूप तसंच! दारात बसून वाळीत.

हे कुलूप नेमकं कशाला ओळखतं? आणि दर वेळी नऊ तास एसटीत न घालवता घरून वाचायची रीतसर सोय आहे का? विद्यापीठाचं, कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नोकरी कच्ची आहे.

घाटनांदूरकर | बुधवार, सकाळी ७:१०

एक लेख = पावणेचार तासिका. हा विनिमय दर पुढच्या वर्षी अभ्यासक्रमात टाका सर.

मन्याड | बुधवार, सकाळी ९:३५

सर, लिंबाखाली बसलात तिथंच गडबड झाली.

मी नांदेडला नेटवर्कचं काम करतो. प्रकाशक तुम्हाला ओळखत नाही. तुमचं नाव, गाईडचं नाव, नोंदणी क्रमांक, त्याला कशाचाच पत्ता नाही. त्याला दिसतो फक्त आयपी पत्ता, म्हणजे मागणी कुठल्या जोडणीवरून आली तो आकडा. विद्यापीठ वर्गणी भरताना प्रकाशकाला आपल्या आयपी पत्त्यांची यादी देतं. त्या यादीतल्या पत्त्यावरून कुणीही आलं तरी दार उघडतं. आपल्याकडच्या लग्नातल्या पंगतीसारखं समजा, मांडवात बसला त्याला वाढायचं, पाहुणा वराकडचा की वधूकडचा ते कुणी विचारत नाही.

तुम्ही फोनचं नेट लावलं म्हणजे मांडवाला खेटून बसलात, पण कनातीच्या बाहेर. पत्ता मोबाइल कंपनीचा गेला. विद्यापीठाच्या वायफायवर असता तर त्याच लिंबाखाली उघडलं असतं.

फुकटातल्या व्हीपीएनचंही तेच. ते तुम्हाला नेदरलँड्सचा नाहीतर सिंगापूरचा कुठलातरी पत्ता देतं. तो कुठल्या यादीत असणार? व्हीपीएन चालतं, पण ते विद्यापीठानं स्वतः दिलेलं असावं लागतं. आणि ती फुकटची ॲपं काढून टाका. त्यावरून बँकेचं काही करत असाल तर आजच काढा.

निवांत | बुधवार, दुपारी १२:०५

आम्ही संशोधन करीत होतो तेव्हा निजामकालीन कागद पाहायला हैदराबादेस तारनाक्याच्या अभिलेखागारात जावे लागे. फारसी-उर्दू वाचणारा माणूस गाठायचा, त्याच्या वेळेनुसार बसायचे, हाताने नकला करायच्या. आपण घरबसल्या होत नाही म्हणून तक्रार करता हे ऐकून गंमत वाटली.

असो. तक्रार रास्त आहे. साडेचार तासांच्या प्रवासानंतर बाहेर झाडाखाली बसावे लागणे हे कुठल्याही काळात वाईटच.

दुधना_काठची | बुधवार, रात्री ९:२०

मी जालना जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि विचारणारा दर वेळी असा चेहरा करून येतो की जणू त्याच्या एकट्याच्याच फोनला रोग लागलाय.

मन्याड भाऊंनी कुलूप छान समजावलंय. आता किल्ल्या.

काही ग्रंथालयं प्रॉक्सी चालवतात. तुम्ही ग्रंथालयाच्या पानावर लॉगिन करता, मग तुमची प्रत्येक मागणी ग्रंथालयाच्या सर्व्हरमार्फत जाते. प्रकाशकाला वाटतं ग्रंथालयच वाचतंय. यात एक मेख आहे. थेट गुगलवरून लेखाच्या पानावर गेलात तर प्रॉक्सी मध्ये येतच नाही. आधी ग्रंथालयाच्या पानावरून आत जायचं, मग लेख शोधायचा. निम्म्या पोरांचं ‘चालेना मॅडम’ एवढ्यावरच मिटतं.

दुसरी वाट आता जास्त चालते. लेखाच्या पानावर ‘ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन’ असं बटण असतं. बहुतेक जण ते बघतच नाहीत, कारण किंमत ठळक अक्षरात असते आणि हे बारीक. ते दाबलं की संस्थांची यादी येते. कधी संस्थेऐवजी आधी फेडरेशन, म्हणजे अशा संस्थांचा गट, विचारतात. भारतातलं फेडरेशन इन्फेड, ते गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं सरकारी केंद्र, चालवतं. आपली संस्था निवडली की पान आपल्या विद्यापीठाच्या लॉगिनवर येतं. पासवर्ड तिथं टाकायचा, प्रकाशकाकडे जातच नाही. विद्यापीठ प्रकाशकाला एवढंच कळवतं की हा माणूस आमचा आहे. मग तुम्ही केजात असा नाहीतर कन्याकुमारीत, पत्त्याचा प्रश्नच उरत नाही.

आता मुद्दा असा की हा आयडी आपोआप मिळत नाही. विद्यापीठात पीएचडीची नोंदणी झाली म्हणजे ग्रंथालयाच्या यादीत नाव चढलं, असं होत नसतं. कुणीतरी खुर्चीत बसून तुमचं नाव आणि ईमेल भरावं लागतं. तुम्ही दोनदा तिथं जाऊन आलात, पण काउंटरवर ‘मला घरून वापरायचंय, रिमोट ॲक्सेसचा आयडी हवा’ असं विचारलंत का? खरं सांगा.

आणखी एक. तुम्हाला दोन दारं आहेत. एक विद्यापीठाचे संशोधक म्हणून, दुसरं कॉलेजचे शिक्षक म्हणून. अनुदानित कॉलेजांसाठी एन-लिस्ट नावाची योजना आहे, तीही इन्फ्लिबनेटचीच, २०१० पासून. त्यात सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं. आम्ही भरत आलोय ती फी वर्षाला पाच हजार आणि वर जीएसटी, अख्ख्या कॉलेजला मिळून. तिथं प्रत्येकाचा वेगळा आयडी असतो आणि तो घरूनसुद्धा वापरता येतो. तुमचं कॉलेज सभासद आहे का बघा.

खडीफोड्या | बुधवार, रात्री १०:०२

ताई, नाही विचारलं. सोय असते हेच माहीत नव्हतं तर विचारणार काय.

एन-लिस्टचं मात्र कॉलेजात विचारलतं मागं. ‘सीएचबीवाल्यांना देत नसतेत’ म्हणाले.

दुधना_काठची | बुधवार, रात्री १०:१५

असा नियम मी तरी वाचलेला नाही. यादी कॉलेजच भरतं. आमच्याकडे सीएचबीचे सगळे आहेत, विद्यार्थीसुद्धा आहेत. बऱ्याच ठिकाणी खरं कारण असं असतं की ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड होता तो रिटायर झाला आणि कुणाला सांगून गेला नाही. तोंडी विचारू नका. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज द्या, पोच घ्या. कागदावर आवक क्रमांक पडला की नियम आपोआप सापडतात.

कळंबचा_पोर | गुरुवार, पहाटे ३:४०

इकडं अजून बुधवारची रात्र आहे. मी इंग्लंडात शिकायला आहे, माझ्या युनिव्हर्सिटीचं लॉगिन आहे, जगातलं सगळं उघडतं. सर, व्यनि (खासगी निरोप) करतो, माझा पासवर्ड घ्या आणि बिनधास्त वाचा. आपल्या भागातला माणूस अडायला नको.

दुधना_काठची | गुरुवार, सकाळी ८:०५

कळंबच्या भावा, मन मोठं आहे तुझं, पण असं करू नकोस. एकच खातं एका तासात इंग्लंडातून आणि केजातून उघडलं तर यंत्रणेला लगेच दिसतं. खातं बंद होईल ते तुझं, आणि त्याच पासवर्डमागं तुझे गुण, तुझी ईमेल, तुझी फी सगळं आहे. एखादा लेख संशोधनापुरता कुणाला पाठवणं वेगळं, घराची किल्ली देणं वेगळं.

यावरून आमच्या ओळखीच्या एका ठिकाणची गोष्ट सांगते, नाव नको. एका पोरानं परीक्षेआधी एका प्रकाशकाचे सगळे अंक एकदम उतरवायला कुठलंसं सॉफ्टवेअर लावलं आणि जेवायला गेला. प्रकाशकानं त्या संस्थेचा पत्ताच रोखला. पंगतीतल्या एकानं पातेलं उचललं आणि वाढपी सगळ्यांनाच वाढायचा थांबला. आठ दिवस कुणालाच काही उघडेना आणि फोन सगळे ग्रंथालयाला. हवा तो लेख उघडा, वाचा, उतरवा, पण हातानं.

घाटनांदूरकर | गुरुवार, सकाळी ८:३०

एवढं कशाला? ती एक रशियातली साइट आहे ना, लेखाचा नंबर टाकला की धाडकन् पीडीएफ. सगळी दुनिया वापरती.

व्यवस्थापक | गुरुवार, सकाळी ९:००

त्या साइटच्या लिंक इथे देऊ नयेत. तिच्याविरुद्ध तीन प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ मध्ये न्यायालयानं ती भारतात रोखायचा आदेश दिला. चर्चा रीतसर मार्गांपुरती ठेवू या.

मन्याड | गुरुवार, सकाळी ९:२५

व्यवस्थापकांचं बरोबर. पण घाटनांदूरकरांच्या मागचा राग मला कळतो. संशोधनाचा पैसा बहुतेक ठिकाणी सरकारचा, लिहिणारा प्राध्यापक फुकट लिहिणार, तपासणारा फुकट तपासणार, आणि वाचायला परत ३९ डॉलर. हे गणित बसवून दाखवा म्हणावं.

तुरीची_शेंग | गुरुवार, दुपारी २:१०

मी परभणीला, कृषी विद्यापीठात. आमच्याकडे सेरा आहे, शेतीच्या संस्थांसाठीची सामायिक वर्गणी, २००७ पासूनची. त्यात एक बरं आहे, एखादा लेख आपल्याकडे नसला तर तिथूनच मागणी टाकता येते, ज्या संस्थेकडे असेल ती पाठवते. प्रबंध बघायला कृषीकोश. तुमच्या विषयाला सेराचा फार उपयोग नाही, पण शोधगंगा मात्र बघाच, दुष्काळावरचे प्रबंध तिथं सापडतील आणि त्याला लॉगिन लागत नाही.

एक युक्ती सांगते, आमच्या सीनियरनं शिकवलेली. विद्यापीठात गेल्यावर तिथल्या वायफायवर, परत सांगते वायफायवर, आपल्या गुगल खात्यानं लॉगिन करून गुगल स्कॉलर उघडायचं आणि दोनचार लेख शोधायचे. स्कॉलर लक्षात ठेवतं की हे खातं अमुक संस्थेतून आलतं. मग घरी आल्यावर त्याच खात्यानं स्कॉलरमधून लेखाकडे गेलं की काही प्रकाशकांचं दार काही काळ उघडं राहतं. सगळ्यांचं नाही. मी हरभऱ्याच्या मर रोगाचे बरेच लेख असेच गावी बसून वाचले.

निवांत | गुरुवार, सायं. ५:४५

तुरीताईंची युक्ती मला नवी आहे. नातवाकडून करून घेईन.

प्रस्तुत विषयाला पूरक म्हणून सांगतो. जे कुलुपात नाही ते आधी वाचावे, फार असते. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी पुस्तके व अहवाल मोठ्या प्रमाणावर महाजालावर खुले केले आहेत. दुष्काळ, पाटबंधारे, शेतसारा यांवर काम करणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. औरंगाबादचे १८८४ चे गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर आहे. इम्पीरियल गॅझेटियरचे खंड शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ नोंदणी करून घरी पाहता येते. बहात्तरचा दुष्काळ समजायला त्याआधीचा छप्पन्नचा (संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा) दुष्काळ आणि निजामाचा सारा माहीत हवा, असे माझे मत. आपले मार्गदर्शक सहमत नसतील तर सोडून द्या.

दुधना_काठची | गुरुवार, रात्री ९:५०

निवांत सरांच्या यादीत भर. जेस्टोरवर कुठल्याही संस्थेशिवाय वैयक्तिक खातं फुकट काढता येतं आणि ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवता येत नाहीत आणि सगळी नियतकालिकं त्यात नसतात, पण टिपणं काढायला पुरतं. ब्राउझरला अनपेवॉल नावाची जोडणी लावा. लेखकानं आपला लेख कुठं कायदेशीर खुला ठेवला असेल तर कडेला हिरवं कुलूप दिसतं.

आणि वहीतली अकरा नावं नव्यानं तपासा. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र-राज्यांच्या ६,३०० वर सरकारी संस्था. कामकाज इन्फ्लिबनेटकडेच. म्हणजे आधी विद्यापीठाला परवडत नव्हतं असं बरंच काही आता आलेलं असतं. पण ते आलंय हे खाली झिरपत नाही हो. आमच्या एका कार्यशाळेत चाळीस प्राध्यापक होते, हे माहीत असेल त्यांनी हात वर करा म्हणलं तर सहा हात. त्यातला एक पंख्याचं बटण दाखवत होता.

खडीफोड्या | पुढचा शनिवार, रात्री १०:३०

मंडळी, हिशोब देतो.

सोमवारी विद्यापीठात गेलो. ताईंनी सांगितलेलं वाक्य वहीत लिहून नेलतं, तेच जसंच्या तसं वाचलं. काउंटरवरचे म्हणाले, ‘आहे ना, फॉर्म भरा.’ एवढंच! तीन वर्षं झाली नोंदणीला. एक पानी फॉर्म, गाईडची सही, नोंदणीपत्राची झेरॉक्स. गाईड विभागात नव्हते, त्यांना गाठण्यात दीड तास गेला. फॉर्मवर सही करताना ते म्हणाले, ‘हे असतं का? माझाही एक भरून टाका.’ त्यांचाही भरला.

दोन दिवसांत मेल येईल म्हणाले. आला नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला तर कळलं, माझ्या ईमेलमधल्या आडनावात एक ‘ए’ जास्त टाकलता. माझा पासवर्ड कुण्या दुसऱ्याच माणसाला गेला असणार. दुरुस्त करून घेतलं, पहिला रद्द करायला सांगितला.

गुरुवारी रात्री बसलो. यादीत विद्यापीठ सापडेना. पूर्ण नाव टाकलं की काहीच येईना. मग नुसतं ‘मराठवाडा’ टाकलं तेव्हा दिसलं. लॉगिन केलं आणि नेमकी लाइट गेली. मग फोनवरच उघडलं. ३९ डॉलरच्या जागी ‘डाउनलोड पीडीएफ’. अंधारात एकटाच हसायलो तर बायको विचारते, काय झालं.

१९७३ सालचा लेख होता. दुष्काळी कामांवरचा. शेवटच्या तक्त्यात जिल्हावार माहिती, त्यात बीडची ओळ. दुसऱ्या दिवशी आजीला मराठीत करून सांगितलं, की बघ, तुम्ही फोडलेली खडी, पाझर तलाव, नाला बांध, सगळं विलायतेच्या कागदात आलंय. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मुकादम हजेरीमागं किती कापायचा, ते लिवलंय का त्यात?’

नाही लिहिलेलं. मी सगळे लेख पुन्हा बघायलो, कुठंच नाही. गाईडशी बोललो, वेगळं प्रकरण करू म्हणाले, मुलाखतींवर.

अकरापैकी नऊ उघडले. एक उघडेना, तो फार जुना अंक आहे आणि वर्गणी त्यानंतरच्या वर्षांपासूनची दिसतेय. एक मराठी मासिकातला आहे, तो कुठल्याच साइटवर नाही. कॉलेजचा अर्ज दिला, आवक क्रमांक पडला. अजून उत्तर नाही.

दुधना_काठची | शनिवार, रात्री ११:०५

वा! आजीला नमस्कार सांगा.

जुन्या अंकासाठी विद्यापीठ डेलनेटचं सभासद आहे का विचारा, दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते. मराठी मासिकाचं वर्ष आणि महिना इथं टाका. आमच्याकडे माळ्यावर काही बांधीव खंड आहेत, वाळवीनं सोडले असतील तर फोटो काढून पाठवते.

घाटनांदूरकर | रविवार, सकाळी ७:४५

तो जास्तीच्या ‘ए’वाला माणूस आता फुकटात पीएचडी करत असेल बघा.

तुरीची_शेंग | रविवार, दुपारी १:३०

ताई, धागा वर आलाय तर माझंही विचारते. मला पहिल्यांदा इन्फेडनं नीट उघडलं, आता दर वेळी लॉगिनच्या पानावर ‘स्टेल रिक्वेस्ट’ असं येतंय. पासवर्ड बरोबर आहे.

दुधना_काठची | रविवार, दुपारी १:४१

लॉगिनचं पान बुकमार्क केलंयस का?

तुरीची_शेंग | रविवार, दुपारी १:४२

हो. रोज शोधायला नको म्हणून.

दुधना_काठची | रविवार, दुपारी १:४४

ते पान त्या एका वेळेपुरतं असतं, शिळं झालं की चालत नाही. बुकमार्क काढ, लेखाच्या पानावरून बटण दाबून ये.

तुरीची_शेंग | रविवार, दुपारी १:५०

काढलं. उघडलं!